टीव्हीचा परवाना ते ऑटोपे : सातपूरने बघण्याचे पैसे कसे मोजले

ओटीटीचे दर वाढल्याची बातमी आली की दोन प्रकारची माणसं लगेच बोलायला लागतात. एक म्हणतात, "नका बघू मग, कोणी जबरदस्ती केलीये?" दुसरे म्हणतात, "लूट चालवलीये नुसती." तिसरा एक माणूस असतो, तो काही बोलत नाही. तो मनातल्या मनात हिशेब करतो आणि महिनाअखेरीला शांतपणे काहीतरी बंद करतो. आपल्या सातपूरमध्ये हा तिसरा माणूस जास्त सापडतो. कंपनीतला पगार ठरलेला, खोलीचं भाडं ठरलेलं, मुलांची फी ठरलेली. मग उरलेल्यात करमणूक बसवायची.

हा हिशेब त्याने आज सुरू केलेला नाही. गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं तो हेच करतोय. आज तेवढ्याचाच इतिहास लिहितोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात थोडी मागून करतो, कारण आपण राहतो तो रस्ताच तसा आहे. दादासाहेब फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला, 1870 साली. 'राजा हरिश्चंद्र' 1913 चा. पुढे 1918 साली त्यांनी नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी काढली. त्र्यंबक आणि नाशिक यांच्या मधल्या रस्त्यावर आपलं सातपूर. फाळक्यांचा सुरतचा एक किस्सा नेहमी सांगतात. तिथल्या प्रेक्षकाला दोन आण्यात सहा तासांचं नाटक बघायची सवय होती. तासा-दीड तासाच्या सिनेमाला जास्त पैसे का द्यायचे, असा त्याचा सरळ सवाल. फाळक्यांनी तिकीट कमी केलं नाही. जाहिरात अशी केली की सत्तावन्न हजार फोटो आणि दोन मैल लांबीचं चित्र, सगळं मिळून फक्त तीन आण्यात! किस्सा खरा की रंगवलेला ते सोडा, पण त्यातलं भांडण ओळखीचं आहे. बघणारा विचारतो, एवढ्या पैशात मला किती मिळणार? विकणारा मोजायचं मापच बदलून टाकतो.

आता सातपूर. एमआयडीसी स्थापन झाली 1962 साली आणि सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींमध्ये सातपूरचा नंबर लागला. दिंडोरी, सिन्नर, खानदेश, मराठवाडा, कुठून कुठून माणसं आली. सातपूर कॉलनी, अशोकनगर, श्रमिकनगर, कामगारनगर, शिवाजीनगर वाढत गेलं. 1982 साली नाशिक महानगरपालिका झाली, तोवर सातपूरची स्वतःची नगरपालिका होती. त्याच वर्षी देशात रंगीत टीव्ही आला, एशियाडच्या निमित्ताने.

त्या काळी टीव्ही बघायला सरकारचा परवाना लागायचा, हे आजच्या पोरांना खरं वाटत नाही. रेडिओचे वर्षाला 15 रुपये, टीव्हीचे 50. पोस्टात जायचं, पैसे भरायचे, पुस्तिकेवर नोंद करून घ्यायची. तपासायला माणूस येईल ही भीती वेगळीच. 1980 च्या दशकाच्या मध्यात हा परवाना गेला आणि दूरदर्शनचा खर्च सरकारी पैसा आणि जाहिराती यांच्यावर आला. ब्रिटनमध्ये ही पद्धत अजून चालू आहे. तिथे एप्रिल 2025 पासूनच्या वर्षात घरामागे साडेचौऱ्याहत्तर अधिक शंभर, म्हणजे 174.50 पौंड भरावे लागत होते, आणि त्यावरून तिथेही वाद होतच असतात.

परवाना 50 रुपयांचा असला तरी संच महाग होता. म्हणून आपल्या लोकांनी काय केलं? एका घरी टीव्ही आणि समोर अख्खी गल्ली. 25 जानेवारी 1987 ला 'रामायण' सुरू झालं, तेव्हाच्या रविवारच्या सकाळी ज्यांना आठवतात त्यांना मी वेगळं काही सांगायला नको. दारातल्या चपलांवरून कळायचं, टीव्ही कोणाकडे आहे. सिनेमा बघायचा तर व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही एका रात्रीसाठी भाड्याने आणायचे, तीन कॅसेट घ्यायच्या, घरटी वर्गणी काढायची. पहाटेपर्यंत तिन्ही बघून संपवायच्या, कारण सकाळी सगळं परत द्यायचं असे. फर्स्ट शिफ्टवाले तिसरी कॅसेट अर्धी टाकून डबा घेऊन निघायचे.

वर्गणी हा शब्द लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

मग केबल आली. 1991 च्या आखाती युद्धाने उपग्रह वाहिन्यांचं वेड लावलं, त्याच वर्षी स्टार टीव्ही आला, 2 ऑक्टोबर 1992 ला झी टीव्ही. गल्लीतलाच एखादा पोरगा गच्चीवर डिश बसवायचा आणि विजेच्या खांबावरून, झाडावरून, शेजाऱ्याच्या पत्र्यावरून वायर ओढायचा. ना कायदा होता, ना दरपत्रक. कायदा आला 1995 मध्ये, आणि त्यात केबलवाल्याने नोंदणी कुठे करायची ठरलं, तर मुख्य पोस्टात! आधी बघणारा पोस्टात पैसे भरायचा, आता दाखवणारा भरायला लागला.

केबलवाल्याचं कार्ड असायचं. महिन्याचा चौकोन, त्यात पेनने सही. त्या कार्डाची खरी किंमत मला आता कळते. "कंपनीत ले-ऑफ चालू आहे, पुढच्या महिन्यात दोन्हीचे देतो," असं म्हटलं तर तो ऐकायचा. संप असला तर थांबायचा. फारच थकलं तर वायर काढून न्यायचा, पण त्याआधी दारात दोनदा येऊन बोलायचा. दर वाढवला की बायका दारातच त्याला विचारायच्या, "अरे, वीस रुपये कशाचे वाढवलेस? चॅनल तर तेच आहेत." तो काहीतरी उत्तर द्यायचा, दहा कमी करायचा. करार असा काही नव्हता, पण बोलायला समोर माणूस होता.

आणि वाटून घेणं तिथेही होतंच. एका जोडणीतून दोन टीव्ही, भिंतीला भोक पाडून शेजारच्या खोलीत वायर. केबलवालाही काही साधा नव्हता. त्याच्याकडे तीनशे घरं असली तर वरच्या कंपनीला तो शंभर सांगायचा, करमणूक कर वसूल करणाऱ्या सरकारी माणसालाही तेवढीच. वाहिन्यांच्या कंपन्या म्हणायच्या, आमचे पैसे बुडतात, म्हणून आम्ही दर वाढवतो. दर वाढला की शेवटी तो आपल्याच कार्डावर चढायचा. या चक्रातून सुटायला 2002 मध्ये कायदा बदलून सेट टॉप बॉक्सची 'कॅस' पद्धत आणली. ती चेन्नईत आणि नंतर दिल्ली, मुंबई, कोलकात्याच्या काही भागांत लागू झाली, नाशिकपर्यंत आलीच नाही.

पण एक गोष्ट नाशिकपर्यंत आली आणि ती फार लोकांना माहीत नाही. जानेवारी 2004 मध्ये केबलच्या दरांचा विषय ट्रायकडे गेला. ट्रायने पहिल्या फटक्यात सांगितलं, 26 डिसेंबर 2003 रोजी जो दर चालू होता, त्याच्या वर जायचं नाही. प्रत्यक्षात तो किती पाळला गेला हा वेगळा विषय, पण केबल ही चैन नसून घरोघरची गरज झालीये आणि तिच्या दराला कुंपण हवं, हे सरकारी पातळीवर मान्य झालं होतं. हा मुद्दा शेवटी परत लागणार आहे.

31 मार्च 2013. देशातल्या 38 शहरांत केबल डिजिटल करायची ही मुदत होती. महाराष्ट्रातली नऊ शहरं त्यात होती, नाशिक त्यातलं एक. घरोघरी डबा आला. चित्र स्वच्छ झालं, पण भिंतीतून जाणारी वायर मेली. प्रत्येक टीव्हीला वेगळा डबा, वेगळं कार्ड, वेगळे पैसे. वाटून बघण्याची सोय तंत्राने बंद केली ती पहिल्यांदा तेव्हा. दहा वर्षांनी, जुलै 2023 मध्ये, नेटफ्लिक्सने भारतात घराबाहेर पासवर्ड वाटायला बंदी केली तेव्हा लोकांना फार नवल वाटलं. आपण हा सिनेमा आधी बघितला होता. पासवर्ड वाटण्याची सवय काही ओटीटीने लावलेली नाही. ती आधी वर्गणीच्या व्हीसीआरची होती, मग भिंतीतल्या वायरची.

1 फेब्रुवारी 2019 ला ट्रायची नवी दरपद्धत आली. जे बघाल त्याचेच पैसे द्या, असं तिचं सांगणं. पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी 130 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे. त्याच्यावर प्रत्येक सशुल्क वाहिनीचे वेगळे. गठ्ठ्यात जाणाऱ्या वाहिनीला कमाल 19 रुपये. मग काय झालं? लोकप्रिय वाहिन्यांनी नेमका 19 वरच बोट ठेवलं. झी मराठी 19 रुपये. म्हणजे 'तुझ्यात जीव रंगला' आणि 'तुला पाहते रे' बघायला करासह 22 रुपये 42 पैसे. क्रिसिलने तेव्हाच सांगितलं होतं की पहिल्या दहा लोकप्रिय वाहिन्या घेणाऱ्याचं बिल 230-240 वरून 300 च्या आसपास जाईल. ट्रायला ते मान्य नव्हतं.

आपल्याकडे लोकांनी काय केलं, ते मी तेव्हा बघत होतो. केबलवाल्याचा पोरगा छापील कागद घेऊन दारोदार फिरत होता आणि लोक पेनाने वाहिन्या खोडत होते. इंग्रजी गेल्या, सिनेमाच्या दोन गेल्या, लहान मुलांची एक ठेवली, एक मराठी ठेवली, बातम्या फुकटातल्या. आजोबांचं क्रिकेट आणि आजीची मालिका यात कुठलं ठेवायचं यावर घराघरात वाद. काही जणांनी सरळ डीडी फ्री डिशची छत्री बसवली. 2004 च्या डिसेंबरात सुरू झालेली ही दूरदर्शनची सेवा, महिन्याला शून्य रुपये. आज देशात चार कोटींहून जास्त घरांत ती आहे, आणि तिचा ग्राहक वाढण्यात खासगी दरवाढीचा मोठा हात आहे असं माझं मत आहे.

पुढचं थोडक्यात. जानेवारी 2020 मध्ये ट्रायने 19 ची मर्यादा 12 वर आणली. वाहिन्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, मग सर्वोच्च न्यायालयात. नोव्हेंबर 2022 मध्ये मर्यादा परत 19. फेब्रुवारी 2023 मध्ये नवे दर मान्य न केलेल्या केबल कंपन्यांच्या वाहिन्या काही दिवस बंदच केल्या गेल्या. हत्तींच्या भांडणात गवत तुडवलं जातं ते असं.

या सगळ्या काळात दुसरीकडे एक नवीन गोष्ट वाढत होती. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं आणि डेटा आधी फुकट, मग स्वस्त झाला. हॉटस्टार 2015 पासून होतं. नेटफ्लिक्स जानेवारी 2016 ला महिना 500 रुपयांपासून, प्राइम व्हिडिओ त्याच वर्षीच्या डिसेंबरात. लोक म्हणतात मोबाइलवर बघणं म्हणजे पोरांचे चाळे. सातपूरमध्ये राहणारा माणूस असं म्हणणार नाही. इथे सेकंड शिफ्टवाला रात्री उशिरा घरी येतो. त्याची आठची मालिका, साडेसातची मॅच त्याला टीव्हीवर कधीच मिळत नव्हती. एका खोलीत चार-पाच जण राहणाऱ्या कंत्राटी पोरांकडे, मग ती पेठ-सुरगाण्याची असोत की बिहारची, टीव्हीच नसतो. त्यांचा पडदा एकच, हातातला. ओटीटीने पहिल्यांदा शिफ्टच्या माणसाला त्याच्या वेळेला बघायची सोय दिली. म्हणून तिचे दर वाढले की त्याला लागतं.

आता दर. 2021 च्या 14 डिसेंबरला एक गंमत झाली. त्याच दिवशी प्राइमची वर्षाची वर्गणी 999 वरून 1499 झाली आणि नेटफ्लिक्सने दर खाली आणले. मोबाइलचा 199 वरून 149, बेसिकचा 499 वरून 199. एकाने वाढवले, दुसऱ्याने उतरवले, असं का? नेटफ्लिक्स काही दयाळू झालं नव्हतं. 500 रुपयांत भारतातला साधा माणूस येईना, हे पाच वर्षांत कळलं होतं. न येणाऱ्यांनी भाव पाडला.

दुसरं उदाहरण याहून मोठं. 2023 ते 2027 चे आयपीएलचे डिजिटल हक्क हॉटस्टारकडून वायकॉम18 कडे गेले, आणि 2023 ला जिओसिनेमाने मॅच फुकट दाखवल्या. हॉटस्टारचे भरणारे ग्राहक ऑक्टोबर 2022 ला 6 कोटी 13 लाख होते. वर्षभरात ते 3 कोटी 76 लाखांवर आले. 2 कोटी 37 लाख माणसं उठून गेली! ना मोर्चा, ना निवेदन. फक्त परत पैसे भरले नाहीत. परिणाम? त्या वर्षीचा आशिया चषक आणि विश्वचषक हॉटस्टारने मोबाइलवर फुकट दाखवला.

पण फुकटाचं पुढे काय होतं तेही बघा. दोन कंपन्या 2024 च्या नोव्हेंबरात एकत्र झाल्या, 14 फेब्रुवारी 2025 ला जिओहॉटस्टार आलं आणि आयपीएलला पुन्हा वर्गणी किंवा ठरावीक रिचार्ज लागायला लागलं. फुकट होती ती सवय लावण्यापुरती. जून 2025 पासून प्राइमवर जाहिराती आल्या. नको असतील तर वर्षाला आणखी 699. म्हणजे जे 2021 च्या आधी 999 मध्ये होतं, जाहिरातींशिवाय, ते आता 1499 अधिक 699, मिळून 2198. मोजायचं माप बदललं की नाही?

आणि सगळ्यात मोठी वाढ आपण ओटीटीच्या खात्यात धरतच नाही. जुलै 2024 मध्ये मोबाइलचे दर वाढले. रोज दीड जीबीचा 28 दिवसांचा जिओचा प्लॅन 239 वरून 299. बाकीच्यांनीही वाढवले. 60 रुपये म्हणजे काय, असं वाटतं. पण 28 दिवसांनी वर्षात रिचार्ज 12 नाही, 13 होतात. 13 गुणिले 60 म्हणजे 780. घरात चार फोन असतील तर 3120 रुपये जादा, एकही नवीन गोष्ट न मिळता. त्या महिन्यात ट्रायच्या आकड्यांनुसार बीएसएनएलचे ग्राहक सुमारे 29 लाखांनी वाढले आणि खासगी कंपन्यांचे घटले. तिथेही तोच तिसरा माणूस, न बोलता सिम बदलणारा.

एक बाजू आपलीही तपासायला हवी. दर वाढले की टेलिग्रामवरून सिनेमा उतरवणारे आपल्यात भरपूर आहेत. 2023 च्या दुरुस्तीनंतर चोरून सिनेमा छापणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान तीन लाख दंड आहे, ते सोडा. पण मराठी सिनेमा चोरून बघायचा आणि मग "मराठीत चांगलं काही येत नाही" म्हणायचं, हे जमत नाही. पैसे कोणाला तरी द्यावेच लागतात. किती आणि कोणाला, हे आपल्याला ठरवता यायला हवं, एवढंच माझं म्हणणं.

आणि केबलवाला? केबल वितरकांची संघटना आणि ईवाय यांच्या 2025 च्या अहवालात आहे की पैसे भरून टीव्ही बघणारी घरं 2018 ला 15.1 कोटी होती, 2024 ला 11.1 कोटी राहिली. चार कोटी घरं गेली म्हणजे वायर ओढणारी, कार्ड घेऊन फिरणारी किती पोरं गेली असतील, विचार करा. आपल्या भागातही त्यातले काही आता इंटरनेटच्या जोडण्या देतात, काही डिलिव्हरी करतात.

आता मी जे म्हणत होतो त्यावर येतो. केबलच्या काळात आपल्याकडे दोन गोष्टी होत्या. वर ट्राय होतं, ज्याने 2004 ला दर गोठवले, 2019 ला 19 ची मर्यादा घातली, चुकत-माकत का होईना. आणि खाली दारात उभा माणूस होता, ज्याच्याशी भांडता येत होतं. ओटीटीच्या दराला यातलं काहीच नाही. ट्रायचं दरपत्रक तिथे लागू नाही. आणि दारात कोणी येत नाही, खात्यातून रक्कम जाते.

म्हणजे भाव धरून ठेवणारा आता एकच उरला, तो म्हणजे सोडून जाणारा प्रेक्षक. 2021 ला त्याने ते करून दाखवलं, 2023 ला करून दाखवलं. आणि त्याला रोखायला जी गोष्ट आणली गेली तिचं नाव ऑटोपे. दर महिन्याला हातातून पैसे देताना जो विचार व्हायचा, कार्डावर सही घेताना जो प्रश्न विचारला जायचा, तो ऑटोपेमध्ये होतच नाही. माझ्या ओळखीच्या एका घरात मुलगा पुण्याला नोकरीला गेल्यावर आठ महिने एका सेवेचे पैसे कापले जात होते. घरात ते बघणारं कोणीच नव्हतं.

म्हणून तीन साध्या गोष्टी. एक, यूपीआयच्या अॅपमध्ये ऑटोपेची यादी असते, आज रात्री उघडून बघा. नको ते तिथेच बंद होतं. दोन, ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की असे पैसे कापण्याआधी किमान 24 तास तुम्हाला कळवलं पाहिजे. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका, केबलवाला दारात आलाय असं समजा. तीन, वर्षाचं एकदम भरायच्या आधी विचार करा. एका महिन्यात एकच सेवा घ्या, बघायचं ते बघा, सोडा, पुढच्या महिन्यात दुसरी. व्हीसीआरच्या रात्री तीन कॅसेट बघून सकाळी परत देत होतोच की आपण.

कोणाकडे जुनं केबलचं कार्ड किंवा पोस्टाची परवाना-पुस्तिका अजून असेल तर रद्दीत देऊ नका. फोटो काढून मला पाठवा, मी आपल्या भागातले जुने दर एकत्र करतोय. कोणत्या साली किती रुपये होते, कोणत्या महिन्यात सही नाही आणि त्या महिन्यात कुठली कंपनी बंद होती, हे सगळं त्या चौकोनांत लिहिलेलं आहे.